आंत्रपुच्छाची सूज की गाठ? : रत्नागिरीतील एका सीटी स्कॅन केंद्राचा अनुभव

रत्नागिरी शहरातील एका खासगी सीटी स्कॅन व सोनोग्राफी केंद्रात आमच्या घरातील दोघांच्या पोटाची तपासणी झाली. पहिली दोन वर्षांपूर्वी, माझ्या सतरा वर्षांच्या पुतण्याची. दुसरी गेल्या जुलैमध्ये, माझ्या थोरल्या बहिणीची. दोघांनाही उजव्या कुशीत, खालच्या बाजूला दुखत होते आणि दोघांच्याही दुखण्याला घरात एकच नाव पडले होते, ते म्हणजे ‘अपेंडिक्स’, अर्थात आंत्रपुच्छाची सूज. पुतण्याची सूज निघाली, आक्काची गाठ निघाली. एकाच खोलीत, एकाच यंत्रावर काढलेले हे दोन स्कॅन हाताशी असल्यामुळे केंद्राची जी पारख मला करता आली ती एका भेटीत झाली नसती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पुढे काही गोष्टी केंद्राच्या विरोधातही लिहाव्या लागणार असल्याने नाव देण्याचे टाळले आहे.

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. भूमी अभिलेख खात्यात जमीनमोजणीचे काम करून निवृत्त झालो, त्यामुळे नकाशा, मोजमाप आणि हद्दीच्या खुणा एवढ्यापुरतीच माझी नजर तयार आहे. मात्र पोटाचा स्कॅन वाचणे हेही बऱ्याच अंशी हद्दी वाचण्याचेच काम आहे, हे मला त्या केंद्रातील पडद्यासमोर बसल्यावर कळले.

आक्काचे वय 58. राजापूर तालुक्यात सासर. जूनच्या अखेरीपासून तिच्या पोटात कळ येत होती आणि ती ओवा, हिंग आणि सोलकढीवर निभावून नेत होती. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकले की दुखणे वाढे आणि रात्री उशी पोटाशी घेऊन झोपले की ओसरे. ताप नव्हता, उलटी नव्हती. आता मागे वळून पाहताना ही गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती असे वाटते, कारण पुतण्याच्या वेळी सारा प्रकार एका दिवसात उरकला होता: सकाळी बेंबीभोवती दुखायला लागले, दुपारी उलट्या झाल्या, रात्रीपर्यंत दुखणे उजवीकडे खाली सरकले आणि अंग तापले. सुजलेल्या आंत्रपुच्छाची हीच ठरलेली चाल. आक्काचे दुखणे मात्र तीन आठवडे येत-जात राहिले.

तालुक्याच्या ठिकाणी प्रथम सोनोग्राफी झाली. त्या रिपोर्टात अडीच ओळी होत्या: आंत्रपुच्छ फुगलेले आहे, व्यास 17 मिलिमीटर, तीव्र अपेंडिसायटिस. मोजमाप बरोबर होते, हे पुढे सिद्ध झाले. मोजणाऱ्याने त्या आकड्याकडे मान वर करून पाहिले नाही, एवढीच माझी तक्रार आहे. निरोगी आंत्रपुच्छाची रुंदी साधारण 6 मिलिमीटरपर्यंत असते; त्याहून जाड झालेले आणि सोनोग्राफीच्या दांड्याने दाबूनही न चेपणारे आंत्रपुच्छ सुजलेले समजतात. दाबून पाहण्याची ही रीत नेदरलँड्समधील रेडिओलॉजिस्ट प्युलार्ट यांनी 1986 मध्ये मांडली आणि आजही ती सर्वत्र वापरली जाते. पण रुंदी 15 मिलिमीटरच्या पुढे गेली की साध्या सुजेखेरीज दुसराही विचार करावा लागतो, आतमध्ये चिकट द्रव साठवणारी गाठ तर नाही ना, असा. शेताची मोजणी करताना एका बाजूची लांबी शेजारच्या गटापेक्षा तिप्पट भरली, तर आम्ही आधी साखळी तपासायचो आणि मग जुना नकाशा काढायचो; नुसता आकडा लिहून सही करत नव्हतो.

तेथील सर्जनांना मात्र श्रेय दिले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया करण्याची तयारी असतानाही त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, “ताई, चाळिशी उलटलेल्या माणसाच्या अपेंडिक्सवर मी पटकन विश्वास ठेवत नाही. एक सीटी करून या, मग बघू.” त्याच पावसात आम्ही ओणी, लांजा, पाली, हातखंबा असे करत रत्नागिरी गाठली. महामार्गाच्या अवस्थेबद्दल येथे लिहिणे अप्रस्तुत आहे, पण पोट दुखणाऱ्या माणसाला प्रत्येक खड्डा वेगळा मोजता येतो, एवढे नमूद करतो.

आता केंद्राविषयी. प्रवेशद्वाराशी पायऱ्या आहेत, उतार नाही. चाकाची खुर्ची मागितल्यावर मिळाली, पण ती उचलून वर न्यायला रिक्षावाल्याची मदत घ्यावी लागली. गर्भलिंगनिदान केले जात नसल्याचा फलक, दरपत्रक आणि तक्रारपेटी दर्शनी भागात आहेत. काउंटरवरील मुलीने मूत्रपिंडाच्या कामाचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, ताजा रिपोर्ट विचारला. तो नव्हता म्हणून समोरच्याच प्रयोगशाळेत रक्त देऊन यायला सांगितले आणि रिपोर्ट येईपर्यंत आक्काला सुमारे एक लिटर औषधी पाणी थोडेथोडे करून प्यायला दिले, आतडी आतून उजळून दिसावीत म्हणून. पूर्वी कधी आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी झाली होती का, दमा आहे का, साखरेच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सारे मराठीत विचारले. सहीचा कागद मात्र इंग्रजीत होता. मराठी प्रत मागितली तेव्हा “संपलीय” असे उत्तर मिळाले. कोकणात राहून मराठी प्रत संपते आणि इंग्रजी प्रत कधीच संपत नाही, याचे मला नेहमीच नवल वाटते.

मध्येच वीज गेली. यंत्राला स्वतंत्र व्यवस्था आहे, तरी ते पुन्हा सज्ज होईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. यंत्राच्या खोलीत गारठा असतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसासाठी शाल सोबत न्यावी. टेक्निशियन मुलगा तरुण आणि बोलका होता. सुई टोचण्यापूर्वीच त्याने सांगून ठेवले की औषध शिरेत गेल्यावर अंगभर उष्णता पसरेल, लघवी झाल्यासारखे वाटेल, पण तसे काही झालेले नसेल, तेव्हा हलू नका. हे आधी सांगितल्यामुळे आक्का घाबरली नाही. बाहेर आल्यावर तिने एकच वाक्य काढले, “कुणीतरी अंगात ऊन पाणी ओतलान् असं वाटलं.” प्रत्यक्ष स्कॅनला काही सेकंदच लागतात. औषध टोचल्यापासून सुमारे एका मिनिटाने, आतड्याच्या भिंती व यकृत उजळलेले असताना, चित्रे घेतली जातात.

येथपर्यंतचे सारे कुठल्याही बऱ्या केंद्रात मिळते. या केंद्राचे वेगळेपण त्यापुढे आहे. अर्ध्या तासाने रेडिओलॉजिस्ट मॅडमनी आम्हाला आत बोलावले, आणि मी पुतण्याची जुनी फिल्म पिशवीतून काढल्यावर न कुरकुरता ती उजेडाच्या पेटीवर लावली. पुढची पंचवीस मिनिटे त्यांनी दोन्ही पोटे शेजारी शेजारी दाखवली. इतके मी शाळेतही कधी लक्ष देऊन शिकलो नव्हतो.

पुतण्याच्या स्कॅनमध्ये आंत्रपुच्छ 11 मिलिमीटर रुंद होते आणि त्याच्या पोकळीत, तोंडाशी, मळाचा पांढरा खडा अडकलेला स्पष्ट दिसत होता. त्याहून महत्त्वाचे होते ते भोवतालचे चित्र. पोटातली चरबी सीटीवर एकसारखी गडद दिसते. पुतण्याच्या आंत्रपुच्छाभोवती मात्र ती मळकट, रेघारेघांची झाली होती, जणू स्वच्छ पाटीवर कोणी ओल्या बोटांनी खडू फिरवावा. “भिंत जेवढी जाड आहे त्या मानाने आजूबाजूचा पसारा किती मोठा आहे पाहा,” त्या म्हणाल्या. सूज ही अशीच असते. आग लागली की धूर शेजारच्या घरांत जातो. सुजलेला भाग लांबवर पसरतो, हळूहळू निमुळता होत निरोगी भागात मिसळतो, आणि त्याची कड कुठे संपली हे नेमके सांगता येत नाही.

आक्काच्या पडद्यावर उलट चित्र होते. आंत्रपुच्छ 18 मिलिमीटर रुंद, लांबुडक्या फुग्यासारखे, आणि भोवतालची चरबी जवळजवळ स्वच्छ. एवढे मोठे फुगलेले आंत्रपुच्छ जर सुजेने फुगले असते तर भोवती धुराळा उडाला असता, तो नव्हता. खडा कुठेच नव्हता. उलट फुग्याच्या भिंतीतच, एका बाजूला, बारीक पांढरी वक्र रेघ होती, अंड्याचे कवच कडेने पाहावे तशी. ही भिंतीत बसलेली चुन्याची रेघ सर्वच रुग्णांत दिसत नाही, पण दिसली तर श्लेष्म, म्हणजे चिकट द्रव, साठलेल्या गाठीकडे बोट दाखवते, असे मॅडमनी सांगितले. खडा पोकळीत असतो आणि ही रेघ भिंतीत, हा फरक मला एकदम पटला. विहिरीत पडलेला दगड आणि विहिरीचा कठडा यांत घोटाळा होण्याचे कारण नाही.

मग त्यांनी आतल्या द्रवाची घनता मोजून दाखवली. सीटीचे जनक गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांच्या नावाच्या मापात पाणी 0 धरतात, हवा उणे 1000 आणि चरबी साधारण उणे 100. आक्काच्या फुग्यातला द्रव पाण्याच्या थोडा वर भरला. “पण यावरून निकाल देता येत नाही, पूसुद्धा याच आसपास भरतो,” हे त्यांनी आपणहून सांगितले. जे सिद्ध करते ते आणि जे करत नाही तेही सांगणारा तज्ज्ञ माझ्या मते विश्वास ठेवण्याजोगा.

त्यानंतर त्या उठल्या आणि वेगळे पैसे न घेता आक्काची पुन्हा सोनोग्राफी केली. आडव्या छेदात फुग्याच्या आत एकात एक बसलेल्या वर्तुळाकार रेघा दिसल्या, चिरलेल्या कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. साठलेल्या दाट श्लेष्माची ही खूण आहे म्हणे. तालुक्याच्या सोनोग्राफीतही त्या असणार. पाहणाऱ्याने पाहिल्या नाहीत.

त्या अजून काय पाहत होत्या हेही मी विचारून घेतले. भिंतीवर एखाद्या जागी मांसल गोळा किंवा ओबडधोबड जाडी आहे का, जवळच्या लसिका ग्रंथी वाढल्या आहेत का, उंडुकाच्या म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीच्या भिंतीत काही आहे का, कारण उंडुकाचा कर्करोग आंत्रपुच्छाचे तोंड बुजवून अगदी साध्या अपेंडिक्ससारखे सोंग घेतो. आपल्याकडे याच जागी आतड्याचा क्षयरोगही होतो आणि तोही भिंत जाड करतो, तेव्हा फुप्फुसांचा खालचा भाग स्कॅनमध्ये आला असेल तर तोही पाहिला जातो. यकृताची कड कुठे खोलगट दाबली गेली आहे का आणि दोन्ही बीजकोश निरोगी आहेत का, हे त्यांनी दोनदा तपासले. अशी गाठ फुटली तर आतला श्लेष्म आणि त्यातील पेशी पोटभर पसरतात, जागोजागी रुजतात, आणि वर्षानुवर्षे पोटात चिकट द्रव साठत राहतो. आक्काच्या पोटात असे काही नव्हते. म्हणजे फुगा अजून अखंड होता, आणि तो तसाच बाहेर काढणे हेच सगळ्यात मोठे काम होते.

रिपोर्ट इंग्रजीत, दीड पानांचा आला. त्यात काय दिसले ते आधी, काय दिसले नाही ते नंतर आणि मत शेवटी, असा क्रम होता. मतात आधी श्लेष्मयुक्त गाठीची शक्यता आणि मग साध्या सुजेची कमी शक्यता असे क्रमाने दिले होते, आणि खाली एक ओळ होती, जिच्यासाठी मी या केंद्राला पैकीच्या पैकी गुण देईन: शस्त्रक्रियेच्या वेळी आंत्रपुच्छ फुटणार नाही याची दक्षता घ्यावी. सर्जनना मॅडमनी स्वतः फोनही केला. याच माहितीवर तालुक्याच्या सर्जननी उद्याची शस्त्रक्रिया रद्द करून आम्हाला कोल्हापूरला पाठवले.

येथे दुसरी बाजू लिहिणे भाग आहे. पुतण्याचा स्कॅन याच केंद्रात, पण रात्री साडेअकरा वाजता झाला होता. रात्री येथे रेडिओलॉजिस्ट हजर नसतात. चित्रे बाहेरगावी पाठवली जातात आणि रिपोर्ट संगणकावरून येतो. तो रिपोर्ट चार ओळींचा होता, खडा कुठे आहे याचा उल्लेख नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सर्जननी शंका विचारायला फोन केला तेव्हा रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर कोण हे काउंटरवर कोणाला सांगता येईना. मुलाचे निभावले, कारण त्याचे चित्र पुस्तकातल्यासारखे होते. तोच रिपोर्ट लिहिणारा आक्काच्या वाट्याला आला असता तर काय झाले असते, याचा विचार मी फारसा करत नाही. जमेल तेव्हा स्कॅन दिवसा करून घ्यावा, इतकेच सुचवतो. अर्थात फुटलेले अपेंडिक्स दिवस उजाडायची वाट पाहत नाही, हेही खरे.

दुसरी तक्रार सीडीची. फिल्मचे पाच मोठे कागद मिळाले, पण सर्व छेदांची सीडी “नंतर न्या” म्हणून राहून गेली. कोल्हापूरच्या सर्जननी पहिला प्रश्न केला तो सीडीचा. फिल्मवर निवडक चित्रे असतात. शस्त्रक्रिया करणाऱ्याला प्रत्येक छेद वरखाली फिरवून पाहायचा असतो. शेवटी भाच्याला आंबा घाटातून पुन्हा खाली पाठवावे लागले. सीडीचे वेगळे तीनशे रुपये घेतात, त्याला हरकत नाही, पण ती फिल्मबरोबरच हातात ठेवावी. एकूण खर्च औषधासह साडेसहा हजारांच्या आत राहिला. पावती न मागता मिळाली.

शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये झाली. दुर्बिणीतूनच केली, मात्र आंत्रपुच्छाला चिमट्याने न धरता, उंडुकाच्या थोड्या काठासह कापून, पिशवीत घालून अखंड बाहेर काढले. सर्जननी बाहेर येऊन ट्रेमध्ये दाखवले तेव्हा ते मोठ्या भेंडीएवढे होते आणि तालुक्यात असते तर ते नेहमीच्या सवयीने चिमट्यातच धरले गेले असते. प्रयोगशाळेचा निकाल आठ दिवसांनी आला: कमी तीव्रतेची श्लेष्मल गाठ, भिंतीच्या आतच मर्यादित, कापलेल्या कडेवर गाठीच्या पेशी नाहीत. केमोथेरपीची गरज पडली नाही.

घरी आल्यावर या विषयावर बरेच वाचले. काढलेल्या आंत्रपुच्छांपैकी साधारण शंभरात एकात कुठली ना कुठली गाठ निघते, आणि बऱ्याचदा ती टोकाशी असलेली, एका सेंटिमीटरहून लहान अशी असते की ती कुठल्याच स्कॅनवर दिसत नाही. काढलेला तुकडा तपासणीला पाठवला तरच कळते. पुतण्याचा तुकडा पाठवला होता का, हे तेव्हा आम्ही विचारलेदेखील नव्हते; जुन्या फायलीत शोधला, आणि तो रिपोर्ट सापडला, निव्वळ सूज. प्रौढ वयात गळू होऊन बसलेल्या अपेंडिक्सची गोष्ट निराळी आहे. फिनलंडमधील सर्जननी अशा 60 रुग्णांवर एक चाचणी केली, त्यांतील 12 जणांत गाठी निघाल्या, ते सर्वच्या सर्व चाळिशीच्या पुढचे होते, आणि ती चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. हे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. तालुक्याच्या सर्जनचे ते वाक्य कुठून आले असेल हे तेव्हा उमगले.

पुढचा स्कॅन एका वर्षाने सांगितला आहे. तोही येथेच करणार आहोत, दिवसा, मॅडम असल्याची फोनवर खात्री करून. पोटाच्या एका सीटीमध्ये निसर्गतः तीन-चार वर्षांत मिळतो तेवढा किरणोत्सर्ग मिळतो, म्हणून मध्ये उगाच काढू नका, सोनोग्राफीवर भागेल तेथे भागवा, असे त्यांनीच आक्काला बजावले आहे. जुनी फिल्म आणि सीडी दोन्ही मी प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर न ठेवता कपाटात ठेवली आहेत, कारण कोकणातल्या पावसाळ्यात माळ्यावरच्या कुठल्याही कागदाला बुरशी धरते.